मेमरीत मावणारा डेटाबेस

बर्कली विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांनी आरंभिलेल्या प्रकल्पातून पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस निघाला. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. तो माहिती ८ केबीच्या पानांत ठेवतो व वापरातली पाने मेमरीत धरतो. त्यासाठी त्याने मुळात राखलेली जागा अवघी १२८ एमबी! सारी माहिती मेमरीत मावत असेल, तर ही जागा अर्थातच वाढवावी. शिवाय विखुरलेले पान आणणे सलग वाचनाच्या चौपट महाग, हा त्याचा डिस्कच्या काळातला हिशेबही बदलावा. नाहीतर इंडेक्स असूनही स्वारी सारा तक्ता चाळत बसते.

लेखनाचे दुखणे निराळे. प्रत्येक बदल आधी डिस्कवरच्या नोंदवहीत उतरतो, मगच 'झाले' असे उत्तर मिळते. त्यासाठी थांबायचे नाही असे ठरवले, तर वीज गेल्यावर शेवटच्या क्षणांतले व्यवहार हरवतात. उरलेली माहिती मात्र सुसंगत राहते. २०११ पासून नोंदवहीविना तक्तेही करता येतात. लिहायला ते फार चपळ, पण सर्व्हर कोसळला की रिकामे! पुन्हा काढता येणाऱ्या बेरजांसाठी ते खुशाल वापरावेत. परीक्षेचे गुण त्यांच्या भरवशावर मी तरी ठेवणार नाही.

२०१९ च्या बाराव्या आवृत्तीपासून तर तक्ते साठवण्याची यंत्रणाच बाहेरून जोडता येते. मेमरीसाठी खास यंत्रणा लिहू पाहणाऱ्यांना हे दार उघडे आहे.