घरी ऐकणाऱ्यांसाठी एक वेगळी वायर

आपल्याकडे कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण आता नवलाईचे राहिलेले नाही. शाळेचे स्नेहसंमेलन असो, सीरतचा जलसा असो, मुशायरा असो की निकाह. कोणीतरी मोबाईल स्टँडवर लावतो, बटन दाबतो आणि ‘लाइव्ह’ सुरू होते. थोड्याच वेळात खाली संदेश येऊ लागतात : ‘आवाज येत नाही’, ‘काही समजत नाही’, ‘माईक जवळ घ्या’. चित्र स्वच्छ दिसते, पण वक्त्याचा एक शब्दही धड कळत नाही. पाच मिनिटे वाट पाहून माणूस कंटाळतो आणि बंद करतो.

असे का होते, हे समजून घेतले तर उपाय अवघड नाही. मांडवात बसलेल्या माणसाला फक्त कान नसतात. तो वक्त्याचे तोंड पाहतो, हातवारे पाहतो आणि पंख्याची घरघर, मुलांचा गलका आपोआप मनातून बाजूला सारतो. मोबाईलच्या माईकला हे जमत नाही. तो वीस-तीस फुटांवरून बॉक्सचा आवाज, भिंतीवरून परत येणारा आवाज, खुर्च्यांची सरकासरक असे सगळे एका मापाने टिपतो आणि पुढे पाठवतो. घरी बसलेल्या माणसाकडे दुसरा आधार नसतो. त्याच्यासाठी कार्यक्रम म्हणजे त्या वायरीतून जेवढे येईल तेवढेच.

आणि घरी ऐकणारे असतात तरी कोण? आमच्या जऊळक्यासारख्या गावाचाच विचार करा. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचे हे छोटे स्टेशन, तालुका मालेगाव. बाहेर मालेगाव म्हटले की लोक नाशिकच्या मालेगावचे मुशायरे आठवतात. आमचे मालेगाव वाशिमचे. अशा गावांतली तरुण मुले कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात, काही आखाती देशांत जातात. गावात राहतात त्या घरकामातून निघू न शकणाऱ्या आया-बहिणी, गुडघ्यांनी थकलेल्या दादी, अंथरुणाला खिळलेले आजोबा. मुलीने शाळेत भाषण केले, नातवाने किरात केली, तर ती ऐकण्याचा त्यांचा हक्क पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्याइतकाच आहे. थेट प्रक्षेपणाचा आवाज सुधारणे ही त्यांच्यासाठी करायची गोष्ट आहे.

आवाजाचा प्रवास

आवाज घरोघरी पोहोचवण्याची धडपड जुनी आहे. अमीन सयानी यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यांची ‘गीतमाला’ १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू झाली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फीत विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून लघुलहरींवर तो आवाज परत भारतात येई. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे नियतकालिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. सोपी, सर्वांना समजणारी भाषा त्या कामात हात लावतानाच शिकलो, असे अमीन सयानी सांगत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. विमानाने फीत पाठवणाऱ्या त्या काळाच्या तुलनेत आज आपल्या हाती केवढे साधन आहे, याचा विचार व्हावा.

अलीकडची दोन उदाहरणे जवळची आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम विदर्भातल्या मुलांपर्यंत गेला. ज्या घरात चांगला मोबाईल नव्हता तिथेही नुसत्या आवाजाने शिक्षण पोहोचले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे सांगितले आणि त्यानंतर भोंग्यांबाबतची पोलीस कारवाई कडक झाली. तेव्हा माहीमच्या जुमा मशिदीसह मुंबईतील काही मशिदींनी ‘ऑनलाईन अझान’ नावाचे मोबाईल ॲप स्वीकारले. ते तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या एका कंपनीने तयार केलेले आहे. मशिदीत अजान सुरू झाली की तीच अजान त्या वेळी घरातल्या मोबाईलवर ऐकू येते. वाद कोर्टात होत राहतील, पण ज्याला ऐकायचे आहे त्याच्या कानापर्यंत आवाज नेण्याची एक शांत वाट निघाली.

मिक्सर म्हणजे काय?

मिक्सर म्हटले की घरातल्या मंडळींना वाटणाचा मिक्सर आठवतो. कामही थोडेफार तसेच : वेगवेगळे आवाज योग्य प्रमाणात एकत्र करणे. गावातल्या साऊंडवाल्याकडे आता ॲम्प्लिफायरसोबत चार-सहा माईकचा छोटा मिक्सर बहुधा असतो. यूएसबी असलेले छोटे मिक्सर काही हजार रुपयांत मिळतात. एका शाळेला किंवा मोहल्ल्याला मिळून घेता येईल एवढा तो खर्च आहे.

प्रत्येक माईकसाठी मिक्सरवर बटनांची एक उभी ओळ असते. सर्वांत वर ‘गेन’. तो पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हसारखा आहे. खाली सरकणारा किंवा फिरणारा ‘फेडर’, ती नळाची तोटी. आधी वक्त्याला माईकवर नेहमीच्या आवाजात बोलायला सांगून गेन ठरवावा आणि मग कार्यक्रमभर तोटीच वर-खाली करावी. गेन जास्त झाला तर लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. एकदा फाटलेला आवाज पुढे कशानेही दुरुस्त होत नाही.

बऱ्याच मिक्सरवर ‘लो कट’ नावाचे बटन असते. ते ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचा आवाज गाळते. पंख्याची घरघर, टेबलाला बसलेला धक्का, माईक हाताळताना होणारी धडधड त्याने कमी होते. भाषणाच्या माईकला ते दाबूनच ठेवावे. ‘४८ व्होल्ट’ लिहिलेले बटन कंडेन्सर जातीच्या माईकसाठी असते. साध्या हातातल्या माईकला त्याची गरज नाही.

दोन वाटा

मिक्सरमधून आवाजाच्या दोन वाटा काढायच्या. एक मांडवासाठी, एक घरी ऐकणाऱ्यांसाठी. पहिली ‘मेन आऊट’मधून ॲम्प्लिफायरला जाते. दुसरी ‘ऑक्स’ नावाच्या वाटेने संगणकाकडे जाते. ऑक्सचे बटन प्रत्येक माईकच्या ओळीत वेगळे असते, त्यामुळे मांडवात कोणाचा आवाज किती आणि नेटवर किती, हे स्वतंत्रपणे ठरवता येते. ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ अशी निवड असेल तर ‘प्री’ घ्यावे. मग मांडवासाठी फेडर हलवला तरी घरचा आवाज हलत नाही.

छोट्या यूएसबी मिक्सरमध्ये बहुधा मेन आवाजच संगणकाकडे जातो. तिथे एक सोपी युक्ती आहे. मिक्सरवरचे माप घरी ऐकणाऱ्यांसाठी जमवावे आणि मांडवातला आवाज कमी-जास्त करायचा तो ॲम्प्लिफायरच्या बटनावर करावा.

मिक्सरला यूएसबी नसेल तर त्याची वायर सरळ लॅपटॉपच्या छिद्रात खुपसू नये. लॅपटॉपचे ते छिद्र बहुधा हेडफोन आणि छोट्या माईकसाठी असते. मिक्सरमधून येणारा आवाज माईकपेक्षा कितीतरी जोरकस असतो, त्यामुळे तिथे तो फाटतो. मध्ये ‘लाइन इन’ असलेले यूएसबी साऊंड कार्ड लावावे.

संगणकावर ‘ओबीएस स्टुडिओ’ हे मोफत सॉफ्टवेअर चालते. त्यात आवाजाची पट्टी दिसते : हिरवी, पिवळी, लाल. बोलणे पिवळ्या पट्ट्यात राहिले पाहिजे. लाल पट्ट्याच्या टोकाला ते कधीच लागू नये. आवाजासाठी आपला मिक्सर निवडला आहे ना, हे आधी पाहावे. नाहीतर मिक्सर जोडलेला असतो आणि घरी ऐकू जातो तो लॅपटॉपच्या अंगचा माईक! संगणकाची आपोआप आवाज सुधारणारी सोयही बंद ठेवावी. ती तरन्नुममधला लांबवलेला सूर गोंगाट समजून दाबून टाकते.

श्रोत्यांचाही एक माईक

मिक्सरने आवाज स्वच्छ झाला की एक नवी अडचण लक्षात येते. शायराने शेर म्हटला, मांडवात ‘वाह वाह’, ‘मुकर्रर’ झाले. पण घरी त्यातले काहीच पोहोचले नाही, कारण वक्त्याच्या माईकमध्ये फक्त वक्ता आहे. दाद नसलेला मुशायरा म्हणजे मीठ नसलेली बिर्याणी. दुआ सुरू आहे आणि ‘आमीन’ ऐकू येत नाही, तर घरातली दादी त्या दुआत एकटी पडते. मुलांच्या भाषणानंतर टाळ्या नसतील तर आईला वाटते, माझ्या लेकराचे भाषण कोणाला आवडलेच नाही.

यासाठी एक माईक श्रोत्यांकडे तोंड करून लावावा आणि त्याचा आवाज फक्त ऑक्सच्या वाटेने घरी सोडावा. मांडवाच्या बॉक्सला तो अजिबात देऊ नये, नाहीतर शिट्टी सुरू होईल. हा माईक अगदी हलका ठेवावा. महिलांची बैठक पडद्याआड वेगळी असेल तर तिथून प्रश्न विचारण्यासाठीही एक माईक ठेवता येतो. कागदाच्या चिठ्ठ्या फिरवण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

घूं आवाज आणि वीज

मिक्सर संगणकाला जोडला की पुष्कळदा ‘घूं’ असा सततचा आवाज येतो. विजेची ५० हर्ट्झची कंपने दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरून आवाजाच्या वायरीत येतात, म्हणून हे होते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर कारण सापडले. मग मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर लावावेत, किंवा मध्ये ऑडिओ आयसोलेटर बसवावा. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच तोडतात किंवा वायर काढून टाकतात. हे कधीही करू नये. ओल्या मांडवात, हातात लोखंडी माईक धरलेल्या मुलाच्या जिवाशी तो खेळ आहे.

नेट किती लागते?

लोकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी. नुसता बोलण्याचा आवाज सेकंदाला ६४ किलोबिट वेगाने उत्तम जातो. हिशेब सोपा आहे : ८ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, मिनिटाला ४८०, तासाला सुमारे २९ मेगाबाइट. साध्या चित्रासह सेकंदाला एक मेगाबिट धरले तर हाच आकडा तासाला ४५० मेगाबाइट होतो. म्हणजे नेट अशक्त असेल तर वक्त्याचे चित्र सोडून द्यावे, आवाज सोडू नये. केवळ आवाजासाठी इंटरनेट रेडिओच्याही सोयी आहेत. यूट्यूबवर न्यायचे असेल तर वक्त्याच्या जागी कार्यक्रमाचे नाव लिहिलेले एकच चित्र ठेवून काम भागते, कारण हलत्या चित्रापेक्षा स्थिर चित्राला नेट फारच कमी लागते.

मात्र तीन गोष्टी आधी कराव्यात. यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करायला २४ तास लागू शकतात, म्हणून ऐन दिवशी खाते उघडू नये. मांडव भरल्यावर शेकडो मोबाईल एकाच टॉवरवर येतात आणि नेट मंदावते. शेजारच्या घरात वायरचे इंटरनेट असेल तर ते मागून घ्यावे. आणि स्नेहसंमेलनात सिनेमाची गाणी वाजली तर हक्कांच्या कारणावरून प्रक्षेपण अडवले जाऊ शकते. मुलांनी स्वतः म्हटलेल्या कविता, स्वतः बसवलेली नाटुकली यांना ही भीती नाही.

काही पथ्ये

मुलांचा आवाज आणि चित्र बाहेर जाण्याआधी पालकांची परवानगी घ्यावी. मिक्सरजवळ बसणाऱ्याने कानाला हेडफोन लावावा, पण तेवढ्यावर भागत नाही. गावातल्याच एखाद्या घरी कोणाला तरी ऐकायला बसवावे आणि दर पंधरा मिनिटांनी ‘कसे येते?’ असे विचारावे. थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे चालते, म्हणून मांडवात ते मोठ्याने लावू नये. सोबत ध्वनिमुद्रणही करावे. आखातात ड्युटीवर असलेला भाऊ ते रात्री ऐकेल. मशिदीतली तकरीर घरी ऐकणे चांगलेच, पण घरून इमामाच्या मागे नमाज होते का, असा प्रश्न असेल तर तो साऊंडवाल्याला न विचारता आपल्या उलेमांना विचारावा.

शेजाऱ्यांचा हक्कही ध्यानात ठेवावा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. घरोघरी मोबाईलवर आवाज जात असेल तर चौकात चार भोंगे बांधण्याचे कारण उरत नाही. परीक्षेचा अभ्यास करणारे मूल, आजारी शेजारी, शेतातून थकून आलेला माणूस यांची झोप मोडून मिळवलेले श्रोते कोणाच्या कामाचे?

हे काम शिकायला पदवी लागत नाही. आठवी-नववीच्या मुला-मुलींना दोन शनिवार दिले तरी ती मिक्सर हाताळू लागतात. विशेषतः मुलींना हे जरूर शिकवावे. महिलांच्या इज्तेमाचे, मुलींच्या शाळेच्या कार्यक्रमाचे प्रक्षेपण त्या स्वतः सांभाळतील, बाहेरचा माणूस बोलवावा लागणार नाही आणि उद्या हेच त्यांच्या रोजगाराचे साधनही होऊ शकेल. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला देताना साऊंडवाल्याला एवढेच सांगून ठेवा : मिक्सरमधून एक जादा वायर लागेल, घरी ऐकणाऱ्यांसाठी.