तीन लेकरं, तीन खुर्च्या आणि एक छोटी गाडी

मी तुमच्या गटांची सहयोगिनी बोलतेय. मागच्या महिन्यात एका बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, तेव्हा एका ताईंनी विचारलं, "मॅडम, घरात तीन पोरं आहेत. जुनी चारचाकी घ्यायची म्हणतोय. कुठली घेऊ?"

आपण शेळी घेताना तिचे दात बघतो. शिलाई मशीन घेताना टाका घालून बघतो. गाडी घ्यायची वेळ आली की मात्र पुरुष मंडळी जातात आणि रंग, ॲव्हरेज, टायर बघून येतात. मागच्या सीटवर कोण बसणार? आपण आणि आपली लेकरं. म्हणून त्या ताईंच्या प्रश्नावर आज सविस्तर बोलू.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या जावेला तीन मुलं. थोरली आठ वर्षांची, मधला चार वर्षांचा आणि धाकटी दहा महिन्यांची. सगळी वरात एका मोटारसायकलवर निघायची. टाकीवर मधला, मध्ये थोरली, मागे जाऊबाई आणि तिच्या पदरात बाळ. गेल्या पावसाळ्यात बाळाला लस द्यायला जाताना वळणावरच्या खडीवरून गाडी घसरली. वेग काहीच नव्हता, तरी थोरलीचा हात मोडला. त्या रात्री भावजी म्हणाले, "वहिनी, आता काहीही होवो, चारचाकी घ्यायची."

दोन आठवड्यांनी ते तालुक्याच्या गावी एक पाच सीटची छोटी गाडी बघून आले. एजंट म्हणाला होता, "तुम्ही पाच जण, गाडी पाच जणांची. अजून काय पाहिजे?" विसार द्यायचा तेवढा राहिला होता.

आता तुम्ही म्हणाल, बरोबरच तर आहे. तीन मुलं मागे, नवरा-बायको पुढे. किंवा बाळ आईच्या मांडीवर. इथंच आपली चूक होते.

गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे आणि झाडावर आदळून जागच्या जागी थांबली, असं समजा. आतल्या माणसाला तेव्हा जो मार बसतो, तो साधारण २० फुटांवरून खाली पडल्यासारखा असतो. आता सांगा, बाळाला कवटाळून आपण २० फूट खोल कोरड्या विहिरीत पडलो, तर ते आपल्या हातात राहील का? कितीही माया असली तरी हातांत तेवढं बळ नसतं. उलट आपल्याच अंगाखाली ते चिरडतं. आई आणि बाळ मिळून एकच पट्टा लावला तर तेही वाईट. आपलं सगळं वजन पट्ट्याबरोबर बाळावर येतं.

गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाने केलेला असतो. लहान मुलाला तो गळ्यावर आणि पोटावर येतो. म्हणून मुलांसाठी वेगळी खुर्ची मिळते. दुकानात तिला कार सीट किंवा बेबी सीट म्हणतात. मी आपली खुर्चीच म्हणते, म्हणजे गाडीच्या सीटशी गोंधळ नको. कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा खुर्चीत बांधलेलं नसेल, तर १,००० रुपये दंड आहे.

खुर्च्या मुख्यतः तीन प्रकारच्या. मुलाचं वय नाही, वजन आणि उंची बघायची.

पहिली बाळाची, साधारण १३ किलोपर्यंत. यात बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असतं. धक्का बसला की खुर्चीची पाठ बाळाचं डोकं, मान, पाठ सगळं एकत्र सांभाळते. बाळाची मान नाजूक असते, म्हणून किमान सव्वा वर्षाचं होईपर्यंत असंच बसवायचं. आणि ही खुर्ची पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुटली तर तीच बाळाला मारते.

दुसरी ९ ते १८ किलोच्या मुलाची. तोंड पुढे, आणि खुर्चीलाच खांद्यावरून, कमरेवरून येणारे स्वतःचे पट्टे असतात.

तिसरी १५ ते ३६ किलोच्या मुलाची. तिला बूस्टर म्हणतात. ती मुलाला फक्त उंच करते. मग गाडीचाच पट्टा खांद्यावर आणि मांड्यांच्या वर, हाडावर नीट बसतो. साडेचार फुटांच्या आतल्या मुलाला ती हवीच.

आता मूळ प्रश्न. तीन मुलं, म्हणजे तीन खुर्च्या. त्या एका ओळीत मावतील का?

विसार द्यायच्या आदल्या दिवशी जाऊबाईने शिलाई मशीनच्या खणातला टेप पिशवीत टाकला आणि आम्ही दोघीही भावजींबरोबर गेलो. मागच्या सीटची रुंदी दाराच्या हातटेकणीपासून हातटेकणीपर्यंत मोजली. भरली ५० इंच. खुर्च्यांच्या दुकानात आधीच मापं घेतली होती. बाळाची साडेसतरा इंच, मधल्याची साडेसतरा, थोरलीचं बूस्टर १५. बेरीज बरोबर ५० इंच. भावजी खूष झाले. पण जाऊबाई म्हणाली, "मधल्या खुर्चीच्या खाली पट्ट्याचं कुलूप दबतंय. थोरली पट्टा लावणार कसा?" खरंच, बोट जायलाही जागा नव्हती. वर मधल्या जागेचा पट्टा फक्त कमरेचा होता, खांद्यावरून येणारा नव्हता. बूस्टरला कमरेचा पट्टा चालत नाही. गाडी पाच जणांची होती हे खरं, पण आमच्या पाच जणांची नव्हती.

यातून शिकायचं ते हे. कागदावरचा आकडा बघू नका, टेप लावा. तीन ठिकाणी मोजा. एक, बसायच्या उंचीवर सीटची रुंदी. दोन, खांद्याच्या उंचीवर दारापासून दारापर्यंत, कारण बाळाची खुर्ची वरच्या बाजूला फुगीर असते. तीन, पट्ट्यांच्या कुलपांमधलं अंतर. खुर्च्या ठेवल्यावरही कुलूप हाताला आलं पाहिजे.

माहितीपत्रकात गाडीची रुंदी लिहिलेली असते, ती बाहेरून बाहेर असते. आत दारांची जाडी गेली की बरीच कमी उरते. तरी तुलनेला ती उपयोगी पडते. अल्टो के-१० ची रुंदी १,४९० मिलिमीटर, २०१९ नंतरच्या वॅगन आरची १,६२०, अर्टिगाची १,७३५ आणि ट्रायबरची १,७३९. नाव एकच असलं तरी साल बदललं की माप बदलतं. २०१९ च्या आधीची वॅगन आर दीड मीटरपेक्षाही अरुंद होती. म्हणून गाडीचं नाव ऐकून होकार देऊ नका, सालही विचारा.

तीन खुर्च्या लागणार असतील तर माझा सल्ला असा, की पाच सीटच्या छोट्या गाडीच्या मागे फार फिरू नका. तीन ओळींची जुनी गाडी बघा. तीही लहान मिळते. ट्रायबर सात सीटची असून चार मीटरच्या आत आहे. अर्टिगा तिच्यापेक्षा सुमारे सव्वा फूट लांब. इको आत ऐसपैस असते, पण जुन्या गाडीत मागच्या सीटना कसले पट्टे आहेत ते आधी बघा. खांद्यावरून येणारा पट्टा नसेल त्या जागेवर मूल बसवायचं नाही.

तीन ओळींच्या गाडीतही एक मेख आहे. मागच्या ओळीत जायला मधली सीट दुमडावी लागते, आणि तिच्यावर खुर्ची बांधलेली असेल तर ती दुमडत नाही. आम्ही तीन वेळा बसवून बघितलं, मग जमलं. बाळाची खुर्ची मधल्या ओळीत, ड्रायव्हरच्या मागे. थोरलीचं बूस्टर त्याच ओळीत डाव्या दाराशी, कारण ते नुसतं उचललं की सीट दुमडते. मधल्याची खुर्ची मागच्या ओळीत आणि त्याच्या शेजारी जाऊबाई. आधी ती दोघं आत जातात, मग सीट सरळ करून बूस्टर ठेवायचं आणि थोरलीने बसायचं. पुढे सासूबाई. तुमच्या घरी बसण्याची रीत वेगळी निघेल, पण पैसे देण्याआधी सगळ्यांना एकदा बसवून बघा. गाडी बघायला लेकरं आणि खुर्च्या घेऊनच जा. मालक कुरकुरला तर कुरकुरू दे.

खुर्ची दोन प्रकारे बसते. एक गाडीच्या पट्ट्याने, दुसरी आयसोफिक्सने. आयसोफिक्स म्हणजे सीटच्या फटीत गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या लोखंडी कड्या. हात घालून बघा, लागतात. बहुतेक गाड्यांत त्या दोनच जागांना, खिडकीकडच्या, असतात. जुन्या गाडीत नसतीलही. म्हणून पट्ट्याने बसणारी खुर्ची घेतली तर कुठल्याही गाडीत चालते. बसवल्यावर तळाशी, जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा.

गाडीची मजबुतीही बघा. २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची चाचणी सुरू झाली. तीत गाडी मुद्दाम आदळतात आणि तारे देतात. मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. आपण मुलांचे विचारायचे. गाडी त्याआधीची असेल तर ग्लोबल एनकॅपचे निकाल मोबाईलवर मिळतात. दोन्ही पुढच्या सीटना एअरबॅग आहे का तेही बघा. नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली २०१९ मध्ये आणि शेजारची २०२१ च्या अखेरीपर्यंत. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत ती नसू शकते.

आता पैशाचं. समजा ३ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,९८० रुपये बसतो आणि एकूण फेड जवळजवळ ४ लाख १९ हजार होते. त्यात विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग धरा आणि मगच हो म्हणा. सीएनजी स्वस्त पडतं, पण टाकी डिकीत बसते, सामानाची जागा जाते. कागदात आरसी, विमा, पीयूसी आणि थकलेले चलन तपासा. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आणि हप्त्यात तुमचीही कमाई जात असेल, तर आरसीवर तुमचं नाव घालायला लाजू नका.

जाऊबाईला तिन्ही खुर्च्यांना मिळून साडेअकरा हजार लागले. तिने गटाकडे १२,००० चं अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "आमची पोरं मांडीवरच वाढली की!" जाऊबाई म्हणाली, "आजी, तेव्हा बैलगाडी होती. आता दारातून डंपर जातात." आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग सगळ्यांत आधी त्यांनीच सही केली.

खुर्चीचे पैसे वाया जात नाहीत. बाळ १३ किलोच्या पुढे गेलं की त्याची खुर्ची गटातल्या दुसरीच्या बाळाला देता येते. फक्त तीन गोष्टी बघायच्या. ती कधी अपघातात सापडलेली नसावी, पट्टे कुरतडलेले नसावेत आणि तिच्यावरच्या लेबलची मुदत संपलेली नसावी. अनोळखी माणसाकडून जुनी खुर्ची मात्र घेऊ नका, तिचा इतिहास आपल्याला कळत नाही.

आता जाऊबाईची थोरली आधी स्वतःचा पट्टा लावते आणि मग ओरडते, "पप्पा, बाळाचा लावला का?" तिघांचा लागल्याशिवाय भावजींना चावी फिरवू देत नाही.

तर ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता, त्यांनी आधी तिन्ही लेकरांची वजनं करून घ्यावीत, अंगणवाडीत काटा आहेच. मग खुर्च्यांची मापं घ्यावीत, आणि गाडी शेवटी बघावी. टेप नसेल तर पुढच्या बैठकीत माझ्याकडून न्या.