आधी वरचं बघा

3 जून 2020 च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. साडेबारा ते अडीच, एवढाच काय तो खेळ. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा. मासेमारीचा हंगाम सरलेला, त्यामुळे बहुतेक होड्या आधीच वर ओढलेल्या होत्या; तेवढ्यापुरती तारीख बरी म्हणायची. बाकी तिच्याइतकी वाईट तारीख शोधून सापडली नसती. मृग चार दिवसांवर आलेला. शाकारणी उरकलेली, वर्षाचा तांदूळ कणगीत, सुकी मासळी डब्यात, पडवीत लाकडे रचलेली. आगोटीची सगळी बेगमी घरात होती आणि घरावरचे छप्पर गेले होते.

मदतीचे सामान घेऊन आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरलो. ई-पास, मास्क, तपासणी नाके हे सगळे त्या दिवसांतले सोपस्कार होतेच. माणगावपर्यंत गाडी बरी चालली. पुढे म्हसळ्याच्या वाटेवर करवतींचा आवाज सुरू झाला. झाडे तोडून रस्ता मोकळा करणाऱ्यांनी एक गाडी जाईल एवढीच फट पाडली होती आणि त्या फटीतून समोरून रिकामे ट्रक येत होते. ते कुठे रिकामे झाले असावेत याचा अंदाज पहिल्या दोन गावांत आला. डांबरी सडकेला लागून असलेल्या समाजमंदिरात बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांची बोचकी पडली होती. आत दोन-तीन किलोमीटरवरच्या आदिवासीवाडीत मात्र कोणीच पोचले नव्हते. मदतीचा ट्रक पाण्यासारखाच. उतार मिळेल तिथे थांबतो. म्हणून गावात शिरण्याआधी एका शिक्षकाला सोबत घेतले आणि शेवटच्या वाडीपासून मागे येत यादी केली. आळी, पाखाडी, कोळीवाडा, वाडी अशी. सरपंचाची यादी वेगळी, गावकीची वेगळी, आणि लॉकडाऊनमुळे मुंबईहून परतलेले चाकरमानी दोन्हींत नाहीत. ज्या शाळांत त्यांना विलगीकरणात ठेवले होते, त्यांतल्या काहींचेही पत्रे उडालेले.

आमच्या ट्रकमध्ये धान्याची पाकिटे होती, ताडपत्र्या होत्या आणि सुंभाची वेटोळी. पहिल्याच घरी एका काकींनी तांदळाचे पाकीट हातात घेतले, बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, “दादा, हे असू दे. आधी वरचं बघा.”

वरचे बघायचे म्हणजे नेमके काय, हे शहरात बसून ताडपत्री विकत घेणाऱ्याला कळत नाही. आंतरराष्ट्रीय मदतसंस्था वाटतात ती ताडपत्री बहुधा 4 बाय 6 मीटरची असते. तेरा फूट गुणिले वीस फूट. कोकणातल्या कौलारू घराला ती पुरत नाही, कारण पाऊस आत येतो तो मुख्यतः आढ्यावरून. आढ्यावरची कौले, म्हणजे कोने, उडाले की एका बाजूने कितीही झाका, पाणी दुसऱ्या बाजूने माजघरात उतरते. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे गेली पाहिजे आणि दोन्हीकडे निदान भिंतीच्या बाहेर पागोळी पडेल एवढी खाली आली पाहिजे. अठरा बाय चोवीस फुटांची असेल तर लहान घराचे जमते. बारा बाय पंधराच्या दोन दिल्या तर वाटणाऱ्याच्या वहीत आकडा दुप्पट होतो आणि घर मात्र गळतच राहते. मदतकार्यात नगांची मोजणी हा मला सगळ्यांत फसवा हिशेब वाटतो.

ताडपत्री पुरत नसेल तर घरातली कुठली खोली वाचवायची, हा निर्णय बहुतेक ठिकाणी बायकांनी घेतला आणि तो फार चटकन घेतला: चूल आणि कणगी. माणसे पडवीत किंवा शेजारी निजतील. तांदूळ भिजला तर वर्ष गेले.

बांधण्याचीही रीत आहे. खिळे ठोकले की वारा भोकापासून फाडत नेतो. रिंगांतून दोरी ओवून ती थेट वाशाला बांधायची, वरून आडव्या दोऱ्या टाकायच्या आणि पोत्यांत वाळू भरून दोन्ही टोकांना लोंबत सोडायची. एका गावात वाळूच्या पोत्यांऐवजी पोफळीचे मोडलेले सोट उभे चिरून रिपांसारखे वरून दाबले होते. सुपारीची वाडी आडवी झाली होती, सोटांना तोटा नव्हता. छपरावर चढायला मात्र माणसे कमी. वासे सडलेले की शाबूत, हे पायाने चाचपत चढावे लागते, आणि ओल्या कौलावर शहरी बूट काही कामाचे नाहीत. आम्ही खालून दोरी फेकत राहिलो. चढली ती गावातलीच पोरे.

मग एक अडचण आली जी कुठल्याच सामानाने सुटत नव्हती. काही घरांचे छप्पर उघडे होते, ताडपत्री दारात होती आणि मालक ती टाकू देत नव्हता. तलाठी आणि ग्रामसेवकांनी पंचनामा केलेला नव्हता. झाकले आणि उद्या साहेब म्हणाले, नुकसान कुठे दिसते? पूर्ण पडलेल्या घराला सरकारने 1 लाख 50 हजार रुपये जाहीर केले होते, अंशतः पडझडीला त्याहून फारच कमी. ‘पूर्ण’ की ‘अंशतः’ हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरणार. माणसाची भीती खोटी नव्हती. तलाठ्याचीही बाजू होतीच; एकेकाकडे कितीतरी गावे, वीज नाही, नेटवर्क नाही, करोनाची कामे डोक्यावर. शेवटी आम्ही झाकण्याआधी प्रत्येक घराचे चारही बाजूंनी फोटो काढले, घरमालक चौकटीत येईल असे, आणि तारखेसह त्याच्याच घरातल्या कोणाच्या तरी फोनमध्ये ठेवले. ज्यांचे फोन बंद होते ते जनरेटरवाल्याकडे पैसे देऊन चार्ज करून आणले. त्या चार्जिंगचा खर्च आमच्या कुठल्याही अंदाजपत्रकात नव्हता, आणि सगळ्यांत कामी आला असेल तर तोच. मोसमी पाऊस आठवड्याभरात खरोखरच आला.

विजेचे खांब ठिकठिकाणी मोडून पडले होते. ते उभे करायला बाहेरच्या जिल्ह्यांतून पथके आली आणि गावकऱ्यांनी खांब खांद्यावर वाहिले. त्यावर पुष्कळ लिहून आले आहे. वीज नाही म्हणजे पंप नाही, आणि पंप आल्यापासून बऱ्याच विहिरींवरचे रहाट गेलेले, एवढे सांगून पुढे जातो.

कारण वाडीचा हिशेब अजून बाकी आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. फळबागेच्या भरपाईचा जुना दर हेक्टरी 18 हजार होता, तो वाढवून 50 हजार केला, मर्यादा 2 हेक्टरची. ऐकायला मोठे वाटते. पण इथली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. शंभर गुंठ्यांचा जवळपास एक हेक्टर. म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये आणि दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. पडलेले सोट कापून बाहेर काढायची मजुरीही त्यात निघत नाही. पुढे झाडामागे मदत ठरली: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. नीट अंतर राखून लावली तर गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी बसतात. दहा गुंठ्यांचे सात हजारांच्या आत. नवे रोप फळ धरायला पाच-सहा वर्षे घेते, भरात यायला त्याहून जास्त. शेतकऱ्याला एका पोफळीमागे मिळालेल्या पन्नासात ती वर्षे काढायची होती.

ताडपत्र्या लागल्यावर लोक आम्हाला वाडी दाखवायला नेऊ लागले. तिथे वेगळीच गोष्ट कळली. वाचलेल्या लहान पोफळींनाही धोका होता, कारण त्यांच्यावरची सावली गेली होती. पोफळीच्या कोवळ्या रोपाला उघडे ऊन सोसत नाही, ते करपते. म्हणून मधे केळ लावतात; केळ लवकर वाढते आणि पोफळ उंच होईतो सावली धरते. वादळात केळीही झोपल्या होत्या. पाऊस लागला आहे तोवर मुनवे लावले तर पावसाळ्यानंतरच्या उन्हाआधी सावली तयार होईल, नाही तर उरलेली वाडीही जाईल, असे एका बागायतदाराने सरळ सांगितले. रोपांसाठी योजना होती, केळीच्या मुनव्यांसाठी कुठलाच रकाना नव्हता. ज्यांच्या वाडीत एखादा खुंट फुटलेला होता त्यांनी शेजाऱ्यांना मुनवे काढून दिले. पुढच्या खेपेला आम्ही तांदळाची पाकिटे निम्म्यावर आणली आणि उरलेल्या जागेत मुनव्यांची पोती भरली. ती उतरवायला कोणाला हाक मारावी लागली नाही.