सरकारी कामगिरीचा उतारा

राज्यात सरकारला एक वर्ष पुरे झाले, दोन झाली, की वर्तमानपत्रांतून पानपानभर जाहिराती झळकतात आणि मागोमाग एक जाडजूड पुस्तिका निघते. मुखपृष्ठावर मुख्यमंत्र्यांचा हसरा चेहरा, आत आकडेच आकडे. पक्ष कोणताही असो, पुस्तिकेचा घाट तोच. विद्यार्थी ती उघडीत नाहीत. प्राध्यापक उघडतात ते बहुधा प्रश्नपत्रिकेला एखादा आकडा हवा म्हणून. मला मात्र अशा पुस्तिका वाचण्याचा नाद आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला तो असावाच. त्यांतले सगळे खोटे असते असे मी मानीत नाही. खरे म्हणजे खोटे फारच थोडे असते. पण जे मोजले आहे ते काय आहे, हे कुणी सांगत नाही.

आपल्या कर्नाटकातलेच उदाहरण घेऊ. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली राज्यातील स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. जुलै २०२५ मध्ये या प्रवासांचा आकडा ५०० कोटींवर गेल्याचा समारंभ झाला. आता ५०० कोटी म्हणजे काय? बायका नव्हेत, शून्य रुपयांची तिकिटे. खानापूरहून रोज बेळगावला कॉलेजला येणारी मुलगी दिवसाला दोन तिकिटे घेते. वर्षाचे २२० दिवस धरले तर ४४० झाली. वाटेत बस बदलावी लागली तर ८८०. तीच एक मुलगी, तिचे तेच एक शिक्षण. तेव्हा आकडा फुगला असे म्हणावयाचे काय? नाही. त्या तिकिटांच्या हिशेबाने सरकारने परिवहन महामंडळाला भरपाई द्यावयाची असते, म्हणून तिकिटे मोजणे भागच आहे. परंतु ज्या मुलीने बसभाड्यापायी बारावीनंतर घरी बसावयाचे, ती आज वर्गात बसली आहे काय, हा प्रश्न तिकिटांच्या मोजणीत येत नाही. त्याचे उत्तर कॉलेजच्या हजेरीपटात मिळेल. आपल्या अर्थशास्त्र मंडळाने गेल्या पाच-सहा वर्षांतील खेड्यांतून येणाऱ्या मुलींची संख्या काढून पाहिली, तर ती सरकारी पुस्तिकेपेक्षा अधिक बोलकी ठरेल, असे मला वाटते.

आमच्या सीमाभागातल्या बायकांना तर दोन सरकारांची तुलना बसच्या पायरीवरच करता येते. निपाणीपर्यंत शून्य तिकीट. पुढे महाराष्ट्राच्या हद्दीत त्यांच्या एसटीत बसले की अर्धे. ती सवलत तिकडे १७ मार्च २०२३ पासून, म्हणजे 'शक्ती'च्या तीन महिने आधी सुरू झाली. आधी कुणी कुणाचे पाहिले, यावर मात्र बसमध्ये पुष्कळ वाद ऐकू येतात.

तिकीट, वाटलेले तांदूळ, बांधलेल्या खोल्या हे सारे 'केलेले काम'. त्या कामाचा परिणाम ही निराळी गोष्ट, आणि ती मोजणारा सहसा निराळा लागतो. अर्भकमृत्यूचे प्रमाण घ्या. जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत किती दगावतात, याची नमुना पाहणी केंद्राचे महानिबंधक करतात, राज्य सरकार नव्हे. २०१० साली कर्नाटकात हा आकडा ३८ होता. २०२० साली १९ झाला. दहा वर्षांत बरोबर निम्मा! या काळात राज्यात तीन पक्षांचे मुख्यमंत्री होऊन गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, दवाखान्यातली बाळंतपणे, लसीकरण, आणि गावातली आशाताई, या सर्वांचा त्यात वाटा असणार. कुणाचा किती हे वेगळे काढणे कठीण. पण हाच आकडा शेजारी ठेवून पाहावा. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र २८ वरून १६ वर आला आणि केरळ १३ वरून ६ वर. म्हणजे आपण धावलो हे खरे, तरी २०२० साली आपण जिथे पोहोचलो त्याच्याही पुढे केरळ २०१० मध्येच होते. पुस्तिकेत पहिले वाक्य असते, दुसरे नसते.

पुस्तिकेत आणखी एक गोष्ट नसते: आधीचे सरकार. देवराज अरस यांच्या काळातील सुधारणेने १ मार्च १९७४ रोजी कुळांच्या ताब्यातील जमिनी सरकारजमा झाल्या आणि 'फॉर्म नंबर सात' भरून कुळांना त्या आपल्या नावे मागता आल्या. आमच्या तालुक्यांत आजही वडीलधारी माणसे जमिनीचा इतिहास सांगताना 'सात नंबर भरला होता' असे म्हणतात. पुढे १९८३ नंतर हेगडे मंत्रिमंडळातील अब्दुल नझीरसाब यांनी दुष्काळी गावांतून इतक्या कूपनलिका खोदविल्या की लोक त्यांना 'नीरसाब' म्हणू लागले. जाहिरात न देता मिळालेली अशी पदवी दुसऱ्या कुणा मंत्र्याला मिळाल्याचे मला तरी आठवत नाही.

मला विचाराल तर या राज्याची खरी मोठी कामगिरी म्हणजे 'भूमी'. नव्या शतकाच्या आरंभी, २००२ पर्यंत, राज्यातील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटींच्या आसपास उतारे संगणकावर चढविण्यात आले आणि तालुक्याच्या कचेरीत १५ रुपये भरून छापील उतारा मिळू लागला. तोवर उतारा म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात बंद असलेली वस्तू. राज्यात असे सुमारे नऊ हजार तलाठी. तलाठी भेटेल तेव्हा, भेटला तर, आणि त्याच्या मर्जीने. कर्ज काढावयाचे तर उतारा, कोर्टात जामीन राहावयाचे तर उतारा. त्यामुळे खिशाला खार लागल्याशिवाय काम होत नसे.

यातली मेख यंत्रात नाही, नियमात आहे, आणि हे समजून घेण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, संगणकीकरण पुरे होताच हस्तलिखित उतारे सरकारने रद्दच ठरविले. दोन्ही चालू ठेवले असते तर जुना रस्ताच वाहता राहिला असता. दुसरी, फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढावयाचे. मधला अर्ज वर ओढण्याची सोय यंत्रात ठेवली नाही. तिसरी, नोंद करणाऱ्याच्या बोटाचा ठसा घेतल्याशिवाय यंत्र उघडत नाही, म्हणून 'मी केले नाही' म्हणण्याची सोय राहिली नाही. लाच ही बहुधा कामाची किंमत नसून क्रम मोडण्याची किंमत असते. क्रम मोडता येईनासा झाला की तिचा भाव पडतो.

याला दुसरी बाजूही आहे. संगणकाने उतारा छापला. दुरुस्त केला नाही. वाटणी तोंडी झालेली, आजोबांचे नाव तसेच, बहिणींची नावे लागलेलीच नाहीत, अशी चूक होती ती आता नीटनेटकी छापून येऊ लागली. शिवाय कागद सर्वांना सहज दिसू लागला तसा तो मोठ्या खरेदीदारांनाही दिसू लागला. बंगळूरभोवतालच्या जमिनींच्या बाबतीत अभ्यासकांनी हा आक्षेप घेतलेला आहे आणि तो मला निराधार वाटत नाही.

'भूमी'चेच तत्त्व इतर खात्यांना लावण्याचा प्रयत्न म्हणजे 'सकाल'. सेवाहमीचा हा कायदा २०११ चा. एप्रिल २०१२ मध्ये तो राज्यभर लागू झाला तेव्हा यादीत ११ खात्यांच्या १५१ सेवा होत्या. (असा कायदा प्रथम मध्य प्रदेशाने २०१० साली केला, गोव्याने २०१३ मध्ये, महाराष्ट्राने २०१५ मध्ये. इंदूर-ग्वाल्हेरचे मराठी लोक याबाबतीत आपले ज्येष्ठ आहेत!) दाखला किती दिवसांत द्यावयाचा हे ठरलेले, अर्ज दिला की क्रमांक मिळावयाचा, आणि मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई. ती अधिकाऱ्याच्या पगारातून.

यातही मोजणी कशाची होते ते पाहावे. अर्ज फेटाळला तरी तो 'निकाली' निघालेलाच असतो. एक कागद कमी म्हणून अर्ज परत केला, अर्जदाराने तो नव्याने दिला, तर सरकारच्या हिशेबात दोन कामे वेळेत झाली आणि अर्जदाराच्या हिशेबात दोन महिने गेले. भरपाईही मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि दिवसाच्या २० रुपयांसाठी ज्या कचेरीत पुन्हा जावयाचे आहे तिच्याशी वैर कोण घेणार? निकालीपैकी मंजूर किती, नामंजूर किती, हे वेगळे विचारल्याखेरीज शेकडेवारीला अर्थ नाही. पैशाच्या खर्चाबद्दल अशी विचारपूस महालेखापरीक्षक करतात. घटनेच्या १५१ व्या कलमान्वये त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे यावा लागतो. तो पुस्तिकेच्या शेजारी ठेवून वाचावा.

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. उतारा कन्नडमध्ये येतो. साठीच्या पुढच्या कितीतरी मराठी शेतकऱ्यांना तो वाचता येत नाही. सेवा वेळेत मिळाली, पण हाती काय पडले हे दुसऱ्याला विचारावे लागते. राज्यघटनेचे ३५० वे कलम तक्रार-अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देते. उत्तर कोणत्या भाषेत यावे हे मात्र ते सांगत नाही. हा तिढा मोठा आहे आणि या लेखाच्या आवाक्यात नाही. तोवर दोन्ही लिपी येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी निदान घरचा उतारा घरच्यांना वाचून दाखवावा. वाटतो तितका तो परका नाही. सर्व्हे नंबर, हिस्सा, खराब, आकार हे शब्द कन्नड लिपीत लिहिलेले आपलेच आहेत. खराब 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, 'ब' म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक कामाची. क्षेत्र एकर, गुंठे, आण्यांत. ४० गुंठ्यांचा एकर. नवव्या रकान्यात मालकांची नावे, अकराव्यात हक्क व बोजे, बाराव्यात पीक आणि कसणारा. अकराव्या रकान्यात फेडून टाकलेल्या कर्जाचा बोजा तसाच दिसत असेल, तर सोसायटीचा किंवा बँकेचा बेबाकी दाखला जोडून तो कमी करण्याचा अर्ज द्यावा, आणि अर्जाचा क्रमांक लिहिलेली पोच हातात पडल्याखेरीज खिडकीपासून हलू नये.