पंपावरचा भाव आणि गोणीचे भाडे

खेड, मंचर, नारायणगावकडचा नाशिक रस्ता नाशिक फाट्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो. तेथून दापोडीवरून पुण्यात उतरणाऱ्या गाड्यांत कांदा-बटाट्याचे टेम्पो पुष्कळ असतात. या वाटेवर पंपाचा फलक बदलला, की त्याची चर्चा दोन दिवसांत गावच्या पारावर पोचते. "डिझेल वाढलं, आता सगळंच वाढणार!" हे खरे, पण किती वाढणार, हे फारसे कोणी मोजत नाही.

आधी भाव वेगवेगळे का, ते पाहू. पुणे भागाचे इंधन मुंबईहून पाइपलाइनने लोणी काळभोरच्या साठ्यात येते आणि तेथून टँकरने पंपांवर जाते. परभणीला ते मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटर टँकरने न्यावे लागते. म्हणून परभणीचा भाव राज्यातल्या चढ्या भावांत गणला जातो. त्यावरून परभणीकर सधन ठरत नाहीत! फलकातला हा फरक अंतराचा. दुसरा फरक कराचा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवर राज्याचा कर २४ टक्के होता आणि बाकी महाराष्ट्रात २१. तो १ जुलै २०२४ पासून सारखा केला गेला.

तेव्हा एका गावचा भाव दुसऱ्याशी ताडून बाजाराची स्थिती कळत नाही. एकाच पंपाचा भाव काळानुसार कसा हलतो, हे पाहावे. त्यातही सावधपणा हवा. पेट्रोलवरचे सरकारी भावनियंत्रण जून २०१० मध्ये उठले, डिझेलवरचे ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि जून २०१७ पासून रोज नवा भाव लावण्याची पद्धत आली. तरीही जुलै २०२२ मध्ये राज्याने कर कमी केल्यानंतर मार्च २०२४ पर्यंत फलक जवळजवळ हलला नाही. त्याआधी जून २०२२ मध्ये कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते. वर्षअखेरीस ते ऐंशीच्या आसपास उतरले. फलक मात्र स्वस्थच. ज्या नाडीवर कोणाचा तरी अंगठा आहे, ती पाहून ताप किती ते कसे सांगणार?

आता आपल्या गोणीचा हिशेब. समजा, चाकणहून गुलटेकडीला जाऊन येऊन ८० किलोमीटर होतात आणि टेम्पो लिटरला १० किलोमीटर जातो. म्हणजे ८ लिटर डिझेल. लिटरमागे २ रुपये वाढले, तर खेपेला १६ रुपये जास्त. टेम्पोत ५० किलोच्या ३० गोण्या असतील, तर गोणीमागे वाढ झाली सुमारे ५३ पैसे. आणि गाडीवाला मागतो गोणीला ५ रुपये! निव्वळ डिझेलने एवढी वाढ व्हायची, तर लिटरचा भाव जवळजवळ १९ रुपयांनी चढायला हवा.

गाडीवाल्यालाही टायर, चालकाचा पगार, कर्जाचा हप्ता आहेच. त्याने तो खर्च त्याच्या नावाने सांगावा, आपणही तो ऐकून घ्यावा. दापोडीत एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. त्या महामंडळाचे भाडेसूत्रही डिझेलबरोबर टायर, गाडीचा सांगाडा आणि महागाई भत्ता धरते. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा मागच्या दोन-अडीच वर्षांत डिझेलचा फलक वर गेलेला नव्हता.

म्हणून हंगामाचे भाडे ठरवताना त्या दिवशीचा डिझेलचा भाव चिठ्ठीवर लिहून घ्यावा आणि भाव उतरला तर किती कमी करायचे, तेही तेव्हाच बोलून घ्यावे. चिठ्ठी घरातल्या वहीत राहू द्यावी. वही बहुधा घरची बाईच नीट सांभाळते. नांगरटीचा दर ठरवतानाही हेच करता येईल. ट्रॅक्टरची टाकी काठोकाठ भरावी, मोजलेले एक एकर नांगरावे आणि टाकी पुन्हा मापाने काठापर्यंत भरावी. जेवढे लिटर बसले, तेवढेच त्या एकराचे डिझेल.