चोख हिशेबाची किंमत

मैत्रिणींनो, हॅरी ट्रुमन म्हटलं की अमेरिकेचे अध्यक्ष आणि अणुबाँब आठवतो. मला आठवतात त्यांच्या घरच्या बायका!

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्याचे कॅप्टन असलेले ट्रुमन १९१९ साली परतले. जूनमध्ये लग्न केलं आणि वर्ष सरायच्या आत लष्करातल्या मित्राच्या भागीदारीत कॅन्सस सिटीत शर्ट-टाय-टोप्यांचं दुकान काढलं. हिशेबाच्या वह्यांना पत्नी बेसबाई हातभार लावीत. पुढं मंदी आली, महागात भरलेला माल पडून राहिला आणि १९२२ मध्ये दुकान बुडालं. पण दिवाळं काही काढलं नाही. देणी फेडण्यात कितीतरी वर्षं गेली, आणि राहायला सासूबाईंचं घर! घरजावयाचं हे जिणं, तुम्हीच कल्पना करा.

त्याच वर्षी ते जॅक्सन काउंटीचे 'जज्ज' म्हणून निवडून आले. हे न्यायाधीश नव्हेत हं. काम आपल्या जिल्हा परिषदेसारखं. पाठीशी पेंडरगास्टसारखा बदनाम पुढारी, हातात रस्त्यांची लाखो डॉलरची कामं. तरी स्वतःचा खिसा रिकामाच. आईच्या शेतातून रस्ता नेला, तर तिला भरपाईसुद्धा दिली नाही! १९४० साली काउंटीच्याच कर्जापोटी ते शेत लिलावात गेलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या म्हातारीला घर सोडावं लागलं. चिरंजीव तेव्हा सिनेटर होते.