घरबसल्या नर्सिंगची पदवी आणि परवान्याचा प्रश्न



आपल्या बेने इस्राएल समाजात मुलीने शाळेची वाट धरावी किंवा इस्पितळाची, अशी जणू प्रथाच होती. मुंबईत ज्या घरी शिक्षिका नाही त्या घरी नर्स तरी असावयाचीच, असे माझ्या आजीच्या पिढीत कौतुकाने म्हटले जाई. कामा इस्पितळाच्या डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला जाऊन १९१९ साली तेथील विद्यापीठाची एम.डी. ही पदवी संपादन केली. त्यांचे नाव तर प्रत्येक आई आपल्या अभ्यासू मुलीपुढे ठेवीत असे. त्या काळी शिक्षणासाठी समुद्र ओलांडावा लागे. आज अमेरिकेत आपल्या मुली नोकरी व संसार सांभाळून, स्वयंपाकघरातील टेबलापाशी बसून नर्सिंगची पदवी मिळवू पाहतात. ही गोष्ट अभिमानाची आहे यात शंका नाही. परंतु या मार्गावर एक खड्डा आहे, आणि माझ्याच सल्ल्याने माझी भाची त्यात पडली. तो खड्डा कोठे आहे हे दाखविण्यासाठी हा लेखप्रपंच.

माझी भाची या देशात आली तेव्हा तिच्याजवळ शास्त्र शाखेचे दोन वर्षांचे शिक्षण होते. येथे तिने प्रॅक्टिकल नर्सचा अभ्यासक्रम पुरा केला व वृद्धाश्रमात रात्रपाळीची नोकरी धरली. ज्यांना येथे एल.पी.एन. म्हणतात त्या नर्सेसचा पगार व अधिकार दोन्ही मर्यादित असतात. आर.एन. म्हणजे रजिस्टर्ड नर्स झाल्यावाचून पुढची पायरी चढता येत नाही. घरी दोन लहान मुले असल्याने दिवसाच्या कॉलेजात जाणे तिला शक्य नव्हते. तिने एका दूरशिक्षण संस्थेचे माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवून विचारले, "मावशी, तू शिक्षिका. घेऊ का प्रवेश?" संस्था मान्यताप्राप्त आहे एवढे पाहून मी उत्तर दिले, "अवश्य घे. पदवी ती पदवीच." मुले निजल्यावर तिने तीन वर्षे अभ्यास केला, परीक्षा दिल्या, परवाना मिळविला आणि पाच वर्षे आर.एन. म्हणून उत्तम काम केले. पुढे तिच्या पतीला दुसऱ्या राज्यात चांगली नोकरी लागली. तेथील नर्सिंग बोर्डाकडे तिने अर्ज केला, तो नामंजूर झाला. तिच्या अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिक शिक्षण त्या राज्याच्या कायद्यात बसत नव्हते. दीड वर्ष पती तिकडे व ती मुलांसह इकडे असा संसार चालला. अखेर पतीनेच नोकरी सोडून परत येणे पसंत केले. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण माझे ते वाक्य माझ्या कानांतून आजही जात नाही.

माझी चूक काय झाली? पदवी आणि परवाना या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मला ठाऊक नव्हते. पदवी कॉलेज देते, परवाना राज्य देते. अमेरिकेत नर्सचा राष्ट्रीय परवाना नाही. १९०३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने नर्सेसच्या नोंदणीचा पहिला कायदा केला आणि तेव्हापासून हा अधिकार राज्यांकडेच राहिला आहे. एन्क्लेक्स ही परवान्याची परीक्षा सर्व राज्यांत एकच असते. परंतु त्या परीक्षेस बसण्यापूर्वी कोणते शिक्षण झालेले असावे, हे प्रत्येक राज्याचे बोर्ड आपल्या कायद्यानुसार ठरविते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील आहे. १९७१ साली तेथील बोर्ड ऑफ रीजंट्सने बाह्य पदवीची योजना सुरू केली. ज्ञान कोठे व कसे मिळविले हे न विचारता ते अंगी आहे की नाही एवढेच पाहावे, असे तिचे तत्त्व होते. हीच संस्था पुढे रीजंट्स कॉलेज, २००१ पासून एक्सेल्सियर कॉलेज आणि २०२२ पासून एक्सेल्सियर युनिव्हर्सिटी झाली. तिच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनी घरी अभ्यास करी, आणि कित्येक वर्षे अशी पद्धत होती की शेवटी इस्पितळात, खऱ्या रुग्णांच्या शय्येपाशी, सुमारे अडीच दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावयाची. ही परीक्षा शुक्रवार ते रविवार चाले. म्हणजे शब्बाथ नेमका मध्ये येई! एल.पी.एन. व पॅरामेडिक अशा अनुभवी लोकांना या मार्गाने वर येण्याची संधी मिळाली आणि हजारोंनी तिचा लाभ घेतला.

परंतु कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने असा निर्णय घेतला की ६ डिसेंबर २००३ रोजी वा त्यानंतर या संस्थेत प्रवेश घेणाऱ्यांना तेथे आर.एन.चा परवाना मिळणार नाही. त्या राज्याचा नियम असा आहे की पुस्तकी शिक्षण व देखरेखीखालील प्रात्यक्षिक ही दोन्ही बरोबरीने चालली पाहिजेत. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, पण बोर्डाचा निर्णय टिकला. अन्य काही राज्यांनी या पदवीधरांवर अधिक प्रात्यक्षिकाची अथवा अनुभवाची अट घातली, तर काहींनी त्यांना जसेच्या तसे स्वीकारले. पदवी एक, परीक्षा एक, तरी राज्याची सीमा ओलांडताच उत्तर निराळे!

यात चूक कोणाची म्हणावी? मी अध्यापनाचे प्रशिक्षण मुंबईत घेतले. मानसशास्त्राचा पेपर मी घरी वाचूनही उत्तीर्ण झाले असते, पण सरावपाठ घरी देता आले नसते. पाठ टाचण हाती घेऊन वर्गापुढे उभे राहावयाचे आणि मागच्या बाकावर पद्धती अध्यापक वही घेऊन बसावयाचे. "फळ्याशी बोलता, मुलांशी बोला," असा शेरा त्यांनी माझ्या वहीत तांबड्या शाईने लिहिला होता. परीक्षेने आपले गुण-दोष मोजले जातात, पण ते सुधारण्यासाठी कोणी तरी मागे बसलेले असावे लागते. नर्सच्या हाताखाली तर मनुष्याचा जीव असतो. तेव्हा बोर्डाचा आग्रह मला निरर्थक वाटत नाही. उलट, दहा वर्षे रुग्णांच्या उशाशी रात्री जागविलेल्या स्त्रीला नवख्या मुलीच्या रांगेत उभे करणे हेही न्यायाचे वाटत नाही. हा वाद आपल्या हातून मिटणारा नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच की प्रवेशाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी चौकशी करणे.

ही चौकशी कशी करावी?

प्रथम, प्रश्न कॉलेजला विचारण्याआधी राज्याच्या नर्सिंग बोर्डाला विचारावा. तोही लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. आज राहतो त्या राज्याखेरीज, पुढे जाण्याचा संभव आहे अशा प्रत्येक राज्याच्या बोर्डाला तोच प्रश्न करावा. मुले मोठी होतात, नोकऱ्या बदलतात, वृद्ध आईवडील दूर कोठे तरी असतात. आपण एका जागी राहणार आहो असे कोणीही गृहीत धरू नये.

दुसरे, कॉलेजची मान्यता आणि बोर्डाची मंजुरी यांत गल्लत करू नये. माझी गल्लत येथेच झाली. १ जुलै २०२० पासून केंद्र सरकारच्या नियमानुसार, सरकारी अर्थसाह्याच्या योजनांत सामील असलेल्या कॉलेजांनी आपला परवान्यासाठीचा अभ्यासक्रम कोणत्या राज्यांच्या शैक्षणिक अटी पुऱ्या करतो व कोणत्या राज्यांच्या करीत नाही हे जाहीर करावयाचे असते. ती यादी मागून घ्यावी.

तिसरे, प्रात्यक्षिक कोठे, किती तास व कोणाच्या देखरेखीखाली होणार, आणि इस्पितळाची व्यवस्था कॉलेज करणार की आपण, हे स्पष्ट करून घ्यावे. भारतात नर्सिंग शिकून आलेल्या भगिनींनीही विषयवार तासांची प्रमाणपत्रे सांभाळावीत, कारण त्यांच्याही अर्जात बोर्ड पुस्तकी व प्रात्यक्षिक शिक्षण निरनिराळे तपासते.

चौथे, मध्यस्थांपासून दूर राहावे. पुस्तके विकून कॉलेजात प्रवेश झाल्याचा भास निर्माण करणारे लोक असतात, आणि याहून वाईटही असतात. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातील तीन शाळांच्या ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग पदविका विकल्याच्या प्रकरणात केंद्रीय अधिकाऱ्यांनी २५ जणांवर आरोप ठेवले. अशा प्रकारांमुळे बोर्डे अधिक सावध होतात आणि प्रामाणिक विद्यार्थिनींनाही कसून तपासणी सोसावी लागते.

पाचवे, राज्याराज्यांतील परवाना-कराराविषयी. चाळीसहून अधिक राज्ये या करारात आहेत आणि त्यांतील एका राज्याचा बहुराज्यीय परवाना इतरांतही चालतो. परंतु कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क ही दोन मोठी राज्ये त्यात अद्याप नाहीत, हे विसरू नये.

एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. जी आधीच आर.एन. आहे व केवळ बी.एस.सी. नर्सिंगची पदवी जोडू इच्छिते, तिला दूरशिक्षणाचा मार्ग पुष्कळच सुरक्षित आहे. तिचा परवाना आधीच्या शिक्षणावर उभा असतो. वरील सारा वाद पहिल्या परवान्यासाठीच्या शिक्षणाचा आहे.

माझी भाची आजही आर.एन. आहे, आपल्या जुन्या राज्यातच. गेल्या महिन्यात तिच्या वृद्धाश्रमातील एका तरुण एल.पी.एन. मुलीने तिला तोच प्रश्न विचारला, जो तिने मला विचारला होता. "मग तू काय सांगितलेस?" मी भीत भीत विचारले. ती म्हणाली, "मावशी, मी तिला म्हटले, शीक, जरूर शीक. पण आधी बोर्डाला पत्र लिही. आणि ते पत्र मीच तिला लिहून दिले."